लंडन ते पॅरिस: खुणेपासून खुणेपर्यंत

पहिला दिवस, शनिवार

"आजोबा, पॅरिस किती लांब आहे?" नातवानं विचारलं, आणि जन्मभराच्या सवयीनं मी उलट विचारलं, "कुठल्या खुणेपासून कुठल्या खुणेपर्यंत?"

भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं भूकरमापक होतो. वर्धा जिल्ह्यात बांधाबांधानं फिरलो. मोजणीला गेलं की कास्तकार आधी विचारतो, "साहेब, माझं किती भरलं?" आम्ही मात्र आधी जुना दगड शोधतो. दगड सापडला की पुढचं बोलायचं. खुणेवाचून सांगितलेलं अंतर म्हणजे हवेतली गोष्ट, हे माझ्या पहिल्या साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

लेक लंडनच्या पश्चिमेला, हाउन्स्लोमध्ये राहते. घरावरून हीथ्रोला उतरणारी विमानं दर दोन-तीन मिनिटांनी जातात. सोमवारी आम्ही सगळे पॅरिसला निघणार होतो, जाताना विमानानं आणि येताना रेल्वेनं. तिकिटं निघाल्यावर मी अंतर शोधायला बसलो. एका ठिकाणी ३४४ किलोमीटर मिळालं, दुसऱ्या ठिकाणी ३४८. रस्त्यानं साडेचारशेच्या वर, रुळांवरून ४९२. विमानाचा वेळ कुठे पाऊण तास, तर तिकिटावर एक तास वीस मिनिटं. शिवाय निघायची वेळ ९.५० आणि पोचायची १२.१०, म्हणजे वजाबाकी केली तर दोन तास वीस मिनिटं! आकडे सगळे खरे आहेत, हे मला दिसत होतं. प्रत्येकाची खूण वेगळी आहे, एवढंच. म्हणून ही वही घातली.

नातवाला समजावं म्हणून आधी आपल्याकडचं माप काढलं. नागपूरहून जालन्याकडे नकाशावर सरळ रेष ओढली, तर ३४४ किलोमीटर जालन्याच्या थोडं अलीकडेच संपतात. इतकंच अंतर. मध्ये मात्र एक समुद्र आहे आणि दोन देशांच्या दोन चौक्या आहेत.

शनिवारी सकाळी जावईबापूंना म्हटलं, मला एक तोफ पाहायची आहे. हीथ्रोच्या उत्तरेकडच्या परिघ रस्त्याच्या कडेला एक जुनी तोफ जमिनीत उभी गाडलेली आहे, तोंड आभाळाकडे करून. शेजारी माहितीचा फलक आहे. रस्त्यानं विमानतळाच्या गाड्या धावत असतात, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी मात्र जवळ जाऊन आधी हात लावला, मग नमस्कार केला. ही तोफ लढाईची आठवण म्हणून ठेवलेली नाही. ती मोजणीची खूण आहे. लंडन ते पॅरिस हे अंतर शास्त्रानं मोजायला ज्या रेषेपासून सुरुवात झाली, तिचं हे वायव्येकडचं टोक.

झालं असं. १७८३ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेतल्या कासिनी द थ्यूरी यांनी इंग्लंडच्या दरबाराकडे एक टिपण पाठवलं. ग्रिनिच आणि पॅरिस या दोन वेधशाळांची एकमेकांपासूनची जागा नीट ठरलेली नाही; दोन्ही देशांनी त्रिकोणांची साखळी टाकून ती ठरवावी, असं त्यात सुचवलं होतं. तिसऱ्या जॉर्ज राजानं पैसे दिले आणि काम आलं मेजर जनरल विल्यम रॉय यांच्याकडे. त्रिकोणमापनात कोन कितीही नेमके घेतले तरी निदान एक बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजावीच लागते. तिला आम्ही पायारेषा म्हणतो. रॉयसाहेबांनी हाउन्स्लो हीथचं सपाट माळरान निवडलं आणि १७८४ च्या उन्हाळ्यात किंग्ज आर्बरपासून हॅम्प्टनपर्यंत रेष मोजली. आधी लाकडी दांडे वापरून पाहिले, पण इंग्लंडच्या ओलाव्यानं लाकूड फुगायचं. मग वीस-वीस फुटांच्या काचेच्या नळ्या आणल्या. माप भरलं २७,४०४ फूट आणि थोडं, म्हणजे सुमारे ८.३५ किलोमीटर. राजा स्वतः काम पाहायला येऊन गेला. १७९१ मध्ये हीच रेष जेसी रॅम्सडेन यांनी घडवलेल्या शंभर फुटी पोलादी साखळ्यांनी पुन्हा मोजली, तेव्हा फरक निघाला फक्त काही इंचांचा. टोकांवर तोफा गाडल्या त्या तेव्हाच.

आठ किलोमीटरला काही इंच! मी नोकरीला लागलो तेव्हा हातात ३३ फुटी साखळी होती, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा सारख्या भागांची. पोलादी साखळी उन्हात वाढते, ओढली की ताणते, झुडपातून नेली की कडी वाकते. दहा एकराचं रान मोजून परत पहिल्या दगडावर आलो आणि वीतभर फरक निघाला तर आम्ही खूश व्हायचो. त्यामुळे ते काही इंच माझ्या मनातून दिवसभर जाईनात.

आता माझ्या गावाची गोष्ट सांगतो, कारण ती इथेच येते. रॅम्सडेन यांच्या कारखान्यातली अशीच एक शंभर फुटी साखळी चीनच्या बादशहासाठी भेट म्हणून पाठवली होती. तिकडे ती स्वीकारली गेली नाही आणि फिरत फिरत हिंदुस्थानात आली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी जी पायारेषा मोजली, ती याच साखळीनं. तिथून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात झाली. वीस वर्षं लॅम्ब्टन दक्षिणेतून वर सरकत राहिले आणि २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरच्या वाटेवर असताना, हिंगणघाटला वारले. तेच माझं गाव. त्यांची कबर आमच्याकडे आहे. लहानपणी ती "कुण्या साहेबाची" एवढंच ठाऊक होतं. खात्यात लागल्यावर कळलं की तो साहेब आमच्याच कामाचा होता.

विमानतळासाठी १९४४ मध्ये ही तोफ उपटून नेली होती. १९७२ मध्ये परत जागेवर बसवली. ज्यानं कुणी ती परत आणायचा हट्ट धरला असेल, त्याचे उपकार आहेत.

दुपारी दुसरी तोफ पाहिली. हॅम्प्टनला, रॉय ग्रोव्ह नावाच्या शांत गल्लीत, घरांच्या मधल्या जागेत ती उभी आहे. बसनं पोचायला तासभर लागला. त्या आठ किलोमीटरवर आता घरं, शाळा, रूळ, धावपट्ट्या सगळं आहे. एका टोकावरून दुसरं दिसण्याचा प्रश्नच नाही.

संध्याकाळी हाउन्स्लो हीथवर फिरायला गेलो. उरलेलं माळरान आता निसर्गासाठी राखून ठेवलंय, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं आणि गुडघाभर गवत. २५ ऑगस्ट १९१९ रोजी याच माळावरून एका इंजिनाचं दोन पंखी विमान पॅरिसकडे उडालं. एक प्रवासी, थोडं चामडं, शिकारीचे पक्षी आणि सायीच्या बरण्या एवढा माल. ते सुमारे अडीच तासांत पॅरिसबाहेर ल बूर्जेला उतरलं आणि दोन देशांमधली रोजची विमानसेवा सुरू झाली. पुढच्याच वर्षी विमानतळ लंडनच्या दक्षिणेला, क्रॉयडनला हलला. म्हणजे पॅरिसचं अंतर मोजायला सुरुवात झाली ती याच मैदानावर, आणि ते रोज उडून कापायला सुरुवात झाली तीही इथेच. नातू गवतात पळत होता. मी बराच वेळ नुसता उभा राहिलो.

दुसरा दिवस, रविवार

ग्रिनिच. गर्दी फार. वेधशाळेच्या अंगणात शून्य रेखांश दाखवणारी धातूची पट्टी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून फोटो काढायला रांग लागते. सौ.नं आणि नातवानं काढले. मी फोनवर जीपीएस लावून पाहत होतो. पट्टीवर उभं राहिलं तरी शून्य येत नाही. शून्य रेखांश पूर्वेला १०२ मीटरवर, बागेच्या रस्त्यावर मिळतो. पट्टीची रेष एकोणिसाव्या शतकातल्या दुर्बिणीतून ठरली, आणि ती दुर्बीण बसवताना तिथल्या जमिनीच्या ओढीप्रमाणे ओळंबा घेतला. उपग्रह पृथ्वीच्या मध्यापासून मोजतात. ओळंबा त्या मध्याकडे तंतोतंत बघत नाही, त्याचा हा फरक. आमच्याकडे उपग्रहांवरून मोजणारं नवीन रोव्हर मशीन आलं तेव्हा जुन्या नकाशातल्या हद्दी जरा सरकून दिसायच्या आणि गावात भांडणं लागायची. प्रत्येक बांधावर उभं राहून समजावून सांगावं लागायचं की जमीन हलली नाही, मोजायची खूण बदलली.

इथून पॅरिसच्या वेधशाळेपर्यंत सरळ अंतर सुमारे ३३८ किलोमीटर. म्हणजे आता वहीत तीन सरळ अंतरं झाली. वेधशाळा ते वेधशाळा ३३८, शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३४४, आणि विमानतळ ते विमानतळ ३४८.

रात्री बॅगा भरताना सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही ते विमानाचं मोजून राहिले, पण वेळ घरच्या उंबरठ्यापासून मोजा. शेतावर जायला किती लागते हे आपण घरूनच सांगतो ना?" तिचं म्हणणं मला पटलं. वहीत आणखी एक खूण लिहिली: उंबरठा.

तिसरा दिवस, सोमवार

६.३५ ला दार ओढून घेतलं. भूमिगत रेल्वेनं विमानतळ, मग सामान, मग तपासणीची रांग. सौ.च्या डब्यातली तिळाची चटणी काढून पुन्हा पुन्हा पाहिली, पण जाऊ दिली. त्यानंतर नुसतं बसणं.

९.५० ला विमानाचं दार बंद झालं. जागेवरून हललं १०.०४ ला. ही वेळ महत्त्वाची आहे. तिकिटावरचा एक तास वीस मिनिटं हा उडण्याचा वेळ नसतोच. विमानाच्या चाकांपुढची अडणी काढून ते हललं की वेळ सुरू होतो, आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहिलं की संपतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीकडे सरपटत जाणं, तिथली रांग, उतरल्यावरचं लांबलचक चालणं, सगळं त्यातच धरतात. हीथ्रोला धावपट्ट्या फक्त दोन आहेत आणि जगातल्या अतिशय गर्दीच्या विमानतळांपैकी तो एक. आम्ही रांगेत बावीस मिनिटं होतो. जमीन सुटली १०.२६ ला.

खिडकी नातवानं घेतली होती, पण त्यानं मला वाकून बघू दिलं. ढग तुटक होते. चौकोनी हिरवी शेतं, मधे काळ्या रेघांसारखी झाडांची कुंपणं. बांध वरून इतके स्पष्ट दिसतात! मी दोन गावांच्या शिवा डोळ्यांनी शोधत होतो. चौदा-पंधरा मिनिटांत पांढरा किनारा आला आणि खाली समुद्र. डोव्हरपाशी ही खाडी जेमतेम ३३ किलोमीटर आहे. आम्ही बरंच पश्चिमेकडून, रुंद भागावरून ओलांडत होतो. सरळ रेषेत कुठलंच विमान जात नाही. वर हवेतही ठरलेल्या वाटा आहेत, वळणं आहेत, उतरायची दिशा वाऱ्यावर ठरते. ३४८ किलोमीटर हा कागदावरचा आकडा; प्रत्यक्ष त्याहून जास्तच उडणं होतं.

या हवाई वाटा कशा पडल्या, त्याची गोष्ट याच मार्गावरची आहे. सुरुवातीचे वैमानिक खाली दिसणाऱ्या सडका आणि रूळ धरून उडायचे. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्सच्या पिकार्दी भागात धुकं होतं. क्रॉयडनहून टपाल घेऊन निघालेलं एक विमान आणि ल बूर्जेहून प्रवासी घेऊन येणारं दुसरं विमान, दोघंही एकाच सडकेवरून समोरासमोर आले आणि धडकले. सात माणसं गेली. प्रवासी विमानांची आकाशातली ही पहिली टक्कर. त्यानंतर बैठका झाल्या, उजव्या बाजूनं जायचा नियम ठरला, मार्ग आखले गेले. पाणंदीचा नियम आभाळात नेला, पण तो सात जीव गेल्यावर.

"मेडे" हा संकटातल्या विमानाचा पुकाराही याच वाटेवरचा. क्रॉयडनच्या बिनतारी कक्षातले मुख्य अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांना असा शब्द शोधायला सांगितलं होतं, जो इंग्रज आणि फ्रेंच दोघांनाही लगेच कळेल, कारण त्यांची बहुतेक वर्दळ ल बूर्जेशी होती. फ्रेंचमध्ये "मला मदत करा" म्हणायला जो उच्चार होतो, तो त्यांनी घेतला. १९२७ मध्ये तो जगभर मान्य झाला. आज मुंबईहून निघालेला वैमानिकही संकटात तोच शब्द तीनदा उच्चारतो. शेजाऱ्याला आपली हाक कळावी म्हणून त्याच्याच भाषेतून शब्द घेतला, हे मला फार मोठं वाटतं.

फ्रान्सचा किनारा लागला तेव्हा चहा-बिस्किटांची गाडी अजून मागच्या रांगेपर्यंत पोचली नव्हती, आणि विमान उतरायला लागलं होतं. ११.१३ ला चाकं टेकली, लंडनच्या घड्याळानं. म्हणजे हवेत ४७ मिनिटं. जागेवर उभे राहिलो ११.२७ ला. ब्लॉक टाइम १ तास २३ मिनिटं, तिकिटावरच्याहून तीन मिनिटं जास्त.

विमान बदललं तसा हा वेळ कसा कमी झाला, तेही वहीत टिपलं होतं. १९१९ मध्ये सुमारे अडीच तास. १९३० च्या दशकातली चार इंजिनांची मोठी दोन पंखी विमानं ताशी दीडशे-एकशे साठ किलोमीटरनं, टेबलावर जेवण वाढत, सव्वादोन-अडीच तासच घ्यायची. जुलै १९५० मध्ये टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनानं पंखे फिरवणारं, व्हायकाउंट विमान याच मार्गावर पहिल्यांदा प्रवाशांना घेऊन आलं आणि सुमारे तासाभरात पोचलं. त्यानंतर जेट आले, संगणक आले, पण वाचली ती दहा-पंधरा मिनिटं. इतक्या जवळच्या प्रवासात विमानाला वेग धरायलाच जागा नसते. चढून झालं की उतरायचंच असतं.

पुढची गोष्ट जमिनीवरची. पारपत्राच्या रांगेत पन्नास मिनिटं गेली. इंग्लंडचा व्हिसा इथे चालत नाही; आम्हा दोघांना शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक असतो तो, वेगळा काढावा लागला होता, त्यासाठी महिनाभर आधी कागद जमवले होते. तो महिना कुठल्या खात्यात धरायचा, हे मी वहीत मोकळंच सोडलं. मग आरईआर या उपनगरी गाडीनं शहराकडे. वाटेत एका स्टेशनवर पाटी दिसली: ल बूर्जे. मी नातवाला हलवून दाखवली. शनिवारी ज्या गवतात तो पळाला होता, तिथून सुटलेलं पहिलं विमान इथे उतरलं होतं. तो म्हणाला, "मग आजोबा, आपण बरोबर रस्त्यानं आलो."

गार द्यू नोर स्टेशनजवळच्या हॉटेलच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा पॅरिसच्या घड्याळात २.२० झाले होते. लंडनचे १.२०. उंबरठा ते उंबरठा सहा तास पंचेचाळीस मिनिटं. त्यात जमिनीपासून पाय सुटलेले फक्त ४७ मिनिटं.

संध्याकाळी सौ.च्या इच्छेप्रमाणे आयफेल मनोरा. दिवे लागल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई असती तर दाखवला असता."

चौथा दिवस, मंगळवार

हा दिवस माझा होता, असं लेकीनंच ठरवून टाकलं होतं.

व्होजिरार रस्त्यावर, लक्झेंबर्ग राजवाड्यासमोर, एका कमानीखाली भिंतीत संगमरवराची आडवी पट्टी बसवलेली आहे. वर अक्षरं कोरलीत: मीटर. राज्यक्रांतीनंतर नवीन माप लोकांच्या डोळ्यांसमोर राहावं म्हणून पॅरिसमध्ये अशा पट्ट्या लावल्या होत्या. मूळ जागेवर उरलेली ही एकच. कापड घेणाऱ्यानं यावं, काठी लावून पाहावी, फसवणूक झाली का ते स्वतः ठरवावं.

त्याआधी फ्रान्समध्ये गावागणिक मापं वेगळी होती, जशी आपल्याकडेही होती. नव्या मापासाठी त्यांनी राजाचा हात किंवा पाय घेतला नाही, पृथ्वी घेतली. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. तो काढायला देलांब्र आणि मेशें हे दोघे १७९२ ते १७९८ अशी सहा-सात वर्षं डंकर्क ते बार्सिलोना ही रेष मोजत होते, तीही क्रांती आणि लढायांच्या धामधुमीत. यातले मेशें हेच १७८७ मध्ये दोन देशांचे त्रिकोण खाडीवरून जोडायचं ठरवायला रॉयसाहेबांना डोव्हरला भेटलेल्या तिघा फ्रेंचांपैकी एक. दुसरे चौथे कासिनी, म्हणजे ज्यांनी टिपण पाठवलं त्यांचे चिरंजीव, आणि तिसरे लजांद्र.

मी त्या पट्टीवर तळहात ठेवला. आयुष्यभर गुंठे आणि एकर बोलत आलो, आणि लिहीत आलो हेक्टर-आर. सातबाऱ्यावर जो आकडा उतरतो, त्याच्या मुळाशी ही पट्टी आहे. हा संगमरवर गार होता आणि कडेला हात लावून लावून गुळगुळीत झालेला. लेकीनं फोटो काढला. त्यात माझा चेहरा नीट आलेला नाही, कारण मी वळलोच नाही.

तिथून चालत वेधशाळेकडे. आत जायला आधीपासून नाव नोंदवावं लागतं, ते जमलं नव्हतं. पण बाहेरून पाहिली तरी पुरे. १६६७ मध्ये स्थापन झालेली, आजही चालू. हिच्या मधोमध पॅरिसची रेखावृत्त रेषा जाते. ग्रिनिचच्या आधी फ्रेंच नकाशांचा शून्य रेखांश हाच होता. शहरभर या रेषेवर तळहाताएवढ्या कांस्याच्या चकत्या बसवल्या आहेत, आरागो या शास्त्रज्ञाच्या नावाच्या, १९९४ मध्ये. एकंदर १३५ होत्या, काही निघून गेल्या. नातवानं दुपारपर्यंत चार शोधल्या. फुटपाथवर, बागेत, कुणाच्या पायाखाली. आमच्याकडे हद्दीचे दगड शोधायला असाच एखादा पोरगा बरोबर असला तर काम लवकर व्हायचं.

इथे बसून वेळेचा घोळ सोडवला. ग्रिनिच आणि पॅरिस यांच्या रेखांशातला फरक २ अंश २० मिनिटं १४ सेकंद. सूर्याच्या हिशेबात तो होतो ९ मिनिटं २१ सेकंद. म्हणजे पॅरिसला डोक्यावर आलेला सूर्य ग्रिनिचच्या डोक्यावर यायला सव्वानऊ मिनिटांच्या थोडं वर लागतात. मग घड्याळात एक तासाचा फरक कुठून आला? १९११ मध्ये फ्रान्सनं कायद्यानं आपली वेळ ठरवली ती "पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंदांनी मागे घेतलेली". ही ग्रिनिचचीच वेळ; कायद्यात ग्रिनिचचं नाव तेवढं घेतलं नाही. पुढे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली गेली. फौजा गेल्या, ती वेळ राहिली. म्हणून लंडनहून जाताना तिकिटावर दोन तास वीस मिनिटांची वजाबाकी येते आणि परतीच्या विमानाला कागदावर वीस मिनिटं लागतात. सूर्य त्यात कुठेच नाही.

नातवाला हे सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "म्हणजे खरा फरक नऊ मिनिटांचाच?" मी हो म्हटलं. त्यानं ते आपल्या हातावर पेननं लिहून घेतलं.

पाचवा दिवस, बुधवार

९.२० ला हॉटेल सोडलं. स्टेशन दहा मिनिटांवर. लंडनला जाणाऱ्या गाडीसाठी विमानासारखीच तपासणी असते, पण एक गोष्ट फार सोयीची: फ्रान्सची आणि इंग्लंडची, दोन्ही पारपत्र तपासण्या पॅरिसच्याच स्टेशनात होतात. पलीकडे उतरलं की थेट रस्त्यावर.

गाडी सुटली आणि शहर संपताच ताशी ३०० किलोमीटरनं धावायला लागली. पिकार्दीचं सपाट रान. याच पट्ट्यात कुठेतरी ती दोन विमानं धडकली होती. गहू हिरवा होता, मधे मोठमोठ्या पवनचक्क्या.

कालेच्या पुढे अंधार झाला. बोगदा एकूण ५०.४५ किलोमीटर, त्यातले सुमारे ३८ समुद्राच्या तळाखाली. आत गाडी ताशी १६० वर येते. माझ्या घड्याळात वीस मिनिटं गेली. डब्यातले लोक झोपलेले, कुणी फोनमध्ये. मी डोळे मिटून १७८७ चा सप्टेंबर डोळ्यांसमोर आणत होतो. वरती, या पाण्याच्या दोन्ही काठांवर, डोव्हरचा किल्ला आणि फेअरलाइटची टेकडी एका बाजूला, काप ब्लां ने आणि मोंलांबेर दुसऱ्या बाजूला. रात्री पांढऱ्या उजेडानं जळणाऱ्या शोभेच्या दारूचे प्रखर दिवे पेटवायचे आणि पलीकडच्यांनी त्या उजेडावर यंत्र रोखून कोन घ्यायचा. रॅम्सडेन यांचं तीन फुटी वर्तुळाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, इंग्रजांकडे, फ्रेंचांकडे त्यांचं स्वतःचं वर्तुळयंत्र. धुकं आलं की रात्र फुकट. काही वर्षांपूर्वीच हे दोन देश एकमेकांशी लढत होते आणि काही वर्षांनी पुन्हा लढणार होते. मधल्या त्या रात्रींत त्यांनी एकमेकांसाठी दिवे धरले.

आणि खाली हा बोगदा. दोन्ही देशांनी दोन्ही टोकांकडून खणत आणला. १ डिसेंबर १९९० रोजी समुद्राखाली दोन्हीकडचे कामगार हात मिळवायला भेटले, तेव्हा दोन बाजूंच्या रेषांत फरक होता आडवा सुमारे ३६ सेंटिमीटर आणि उभा सुमारे ६ सेंटिमीटर. वर काही दिसत नाही, उपग्रह जमिनीखाली पोचत नाही, नुसत्या मोजणीवर विश्वास ठेवून खणायचं. मी हे लेकीला सांगताना माझा आवाज जरा भरून आला. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, हे तुम्ही आम्हाला लहानपणी का नाही सांगितलं?" तेव्हा मला बोगद्याचं ठाऊक नव्हतं. साखळीचं मात्र सांगता आलं असतं.

उजेड आला तो इंग्लंडचा. लंडनला सेंट पँक्रसला १२.३० ला उतरलो, भूमिगत रेल्वेनं हाउन्स्लो, आणि १.५० ला घराचं दार उघडलं. पॅरिसच्या घड्याळात २.५०. उंबरठा ते उंबरठा साडेपाच तास. विमानापेक्षा सव्वा तास कमी, आणि अंतर मात्र जवळजवळ दीडशे किलोमीटर जास्त. सौ.ला वही दाखवली. तिनं चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि म्हणाली, "बरोबर."

रात्री हिंगणघाटला धाकट्या भावाला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटली होती, तरी त्यानं उचलला. त्याला म्हटलं, लॅम्ब्टन साहेबाच्या कबरीवर जाऊन ये. गवत वाढलं असेल तर काढ. एक फूल ठेव आणि फोटो पाठव, मला इथे नातवाला दाखवायचा आहे, आणि त्या तोफेच्या फोटोशेजारी वहीत चिकटवायचा आहे.

"सकाळीच जातो," तो म्हणाला. "पण दादा, मी तिकडे चाळीस वर्षांत गेलो नाही. कुठून वळायचं? एखादी खूण सांग."